आधी उजवी

दुपारी साडेतीनला इंटरकॉम वाजला. या वेळेला तो वाजला की एक तर चुकीच्या फ्लॅटचं कुरिअर, नाहीतर पाण्याचा टँकर. उचलला तर खालून वॉचमन म्हणाला, "साहेब, तुमची बुलेट झोपलीय."

झोपलीय. 'पडलीय' म्हणाला नाही, आणि मला ते बरं वाटलं. गाडीच्या बाबतीत आपली भाषा भलतीच मऊ आहे. गाडी झोपते, आडवी होते, कलते, बसते. पडतो तो माणूस, आणि तो पडला की आपण आधी हसून घेतो.

चपला सरकवून खाली गेलो. दोन महिन्यांपूर्वी गॅसची पाइपलाइन टाकायला सोसायटीतले पेव्हर ब्लॉक उखडले होते. ते परत बसवले, पण सैल कवळीसारखे. परवा वळवाची एक सर येऊन गेली. गुलमोहराखालच्या त्यातल्याच एका ब्लॉकच्या फटीत माझा साइड स्टँड दोन दिवस गुपचूप रुतत होता आणि मी वर बसून पंखा पाचवर करत होतो.

गाडी डाव्या अंगावर होती. पुढे लेग गार्ड टेकलेला, हँडलचं टोक टेकलेलं, आणि मागचा सगळा भार डाव्या डिकीवर. डिकी म्हणजे मागच्या चाकाशेजारी दोन्ही अंगांना लावायची सामानाची पेटी, हल्लीच्या भाषेत पॅनिअर. ॲल्युमिनियमची, काळं पावडर कोटिंग केलेली, तीन महिन्यांपूर्वी जोडीनं घेतलेली. तिची घरी सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांच्यामध्ये एक चांगलं हेल्मेट सहज बसेल.

वॉचमननं आणि मी, सगळे करतात तसं, आधी हँडल धरून ओढून पाहिलं. 190 किलोंच्या आसपासची गाडी उभी असताना बोटावर तोलता येते. लोळली की तीच शेतातल्या धोंड्यासारखी वागते. मग आठवलं. सीटला पाठ लावून खाली बसायचं, हँडल जमिनीकडे वळवून खालची मूठ एका हातात घ्यायची, दुसऱ्या हातानं मागचा दांडा धरायचा आणि मांड्यांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकत उठायचं. कमरेचा यात काहीही संबंध येऊ द्यायचा नाही. वॉचमनला पलीकडे उभं केलं, कारण उत्साहाच्या भरात गाडी उचलून दुसऱ्या अंगावर झोपवणारेही असतात. मी त्यातला आहे.

गाडी उभी राहिली. टाकीवरून गुलमोहराच्या चार पाकळ्या घरंगळल्या. आणि मग मी ते केलं, जे करायचं नाही असं उतरताना जिन्यात ठरवलं होतं. उकिडवा बसून ओरखडे मोजायला लागलो. तीन. वीतभर लांबीचे. खालचा कोपरा चेपून आत गेलेला, कोटिंग उडून पांढरा ॲल्युमिनियम उघडा पडलेला. शिवाय सगळीकडे खडू लागलेला, कारण गाडी नेमकी कोणीतरी आखलेल्या ठिकरीच्या चौकोनांवर झोपली होती. त्या खडूचाही मला राग आला.

डिक्या बसवताना गॅरेजवाला म्हणाला होता, "दादा, मागं गार्ड टाकून घ्या. डिकीपेक्षा दोन बोटं बाहेर. नाहीतर मग डिकीच गार्ड." मी नको म्हणालो. मागून गाडी टेम्पोच्या कॅरिअरसारखी दिसेल असं मला वाटलं. आता डिकीच गार्ड झाली.

त्याचं शास्त्र अगदी बरोबर होतं. मोटारसायकल कधी सपाट पडत नाही. ती दोन-तीन टेकूंवर, अर्धवट कुशीवर विसावते, आणि मागचा टेकू कोणता, तर तिथं जे सगळ्यात रुंद असेल ते. होंडाच्या गोल्ड विंगला किंवा हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांना पुढे इंजिनाशी आणि मागे बॅगांभोवती नळीचे गार्ड असतात ते याचसाठी. साडेतीनशे किलोंच्या वरचं ते धूड जागच्या जागी कललं तर पुढच्या-मागच्या नळ्यांवर म्हशीसारखं टेकतं आणि बॅगेचा रंग शाबूत राहतो. गार्डला ओरखडे येतात, पण तो जन्मालाच त्यासाठी आलेला असतो.

म्हणजे असायला हवा. आपल्याकडे गार्डलाही जपतात. बुलेटच्या लेग गार्डला नायलॉनची दोरी किती निगुतीनं गुंडाळलेली असते पाहा. क्रोम खराब होऊ नये म्हणून. दोन पावसाळ्यांत ती दोरी काळी पडते, आत पाणी धरते आणि क्रोमला आतून गंज चढतो, पण बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे सगळे सुखी असतात. मी हसायचं कारण नाही. आमच्या टीव्हीचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे आणि आवाजाचं बटण तीनदा दाबल्याशिवाय लागत नाही.

डिक्यांना घरात पहिला विरोध आईचा. ती एकाच बाजूला पाय सोडून बसते. साडी गार्ड आणि त्याखालची पायपट्टी ही तिची हक्काची जागा. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलंय की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. तो गार्ड मी काढला, तिथं डिकी बसवली आणि आईला सांगितलं, चाक आता पूर्ण झाकलंय बघ. ती म्हणाली, "चाकाचं राहू दे, मी पाय कुठं ठेवू?" मग तिनंच उत्तर शोधलं. डिकीच्या झाकणावर. चपलेसकट. पहिल्या आठवड्यात झाकणावर टाचेचे डाग उमटले, तेव्हा मी त्यावर रबराचं मॅट चिकटवलं. ते मॅट उन्हानं सुटायला लागलंय. त्यावर आता काय लावावं, या विचारात होतो.

सॅडलबॅगला मराठीत खरं तर आयता शब्द आहे. पडशी. दोन तोंडांची, मधून जोडलेली, घोड्याच्या पाठीवर किंवा वारकऱ्याच्या खांद्यावर दोन्हीकडे सारखी लोंबणारी. खोगीर म्हणजे सीट, खोगीरभरती म्हणजे आम्ही ट्रिपला जाताना तिच्यात कोंबतो ते. नावातच पडणं आहे ही आपली माझी शाब्दिक कोटी. पण घोडा बिचारा पडत नाही आणि त्याला साइड स्टँड लागत नाही.

पडशीचं खरं मर्म दोन्हीकडे सारखं वजन. हे मला मामानं शिकवलं, म्हणजे शिकवलं नाही, मी त्याची किटली सांडली.

मामा कऱ्हाडच्या अलीकडे, कृष्णाकाठी. त्याची राजदूत होती, टू-स्ट्रोक, फटफट करत ओढ्यापलीकडूनच वर्दी देणारी. तिच्या मागे दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे आणि आकड्यांना चाळीस-चाळीस लिटरच्या ॲल्युमिनियमच्या किटल्या. वस्त्यांवरचं दूध गोळा करून तो डेअरीला घालायचा. प्रत्येक किटलीला मधोमध आणि बुडाशी जुन्या टायरची कडी, वर ट्यूबच्या पट्ट्या आवळलेल्या. झाकणाला ट्यूबचाच वायसर. हँडलला सुतळीनं बांधलेली बाभळीची हातभर फळी लोंबायची. गाडी उभी करताना ती सोडायची, पायानं स्टँडखाली सारायची, आणि निघताना वाकायला नको म्हणून सुतळी ओढून वर घ्यायची. स्टँडखाली घालायची असली चकती हल्ली ऑनलाइन मिळते, दोरीसकट. मामानं ती पाहिली असती तर किंमत ऐकून फळीच विकायला काढली असती.

दारात आला की त्याचा एकच हुकूम. "आदी उजवी. डावीला हात लावू नगं."

का, ते कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "तसं असतंय." मी नऊ-दहा वर्षांचा, सुट्टीला आलेला, पुण्याच्या शाळेत पहिल्या पाचांत असलेला. एका सकाळी तो आत चहाला गेला आणि मला मदत करायची हुक्की आली. भरलेली किटली मला हलणारही नव्हती, पण तिची साखळी काढता येत होती. डावी माझ्या बाजूला होती. साखळी काढली आणि ढकलली. किटली आकड्यावरून घसरून धप्पकन जमिनीवर, पण उभी बसली. झाकण हललं नाही. मला फार भारी वाटलं. साधारण दीड सेकंद.

डावीकडे स्टँडवर रेललेली राजदूत झोपेतून उठल्यासारखी सावकाश सरळ झाली. क्षणभर दोन चाकांवर, कोणाचाही आधार न घेता, ताठ उभी राहिली. तेवढं मला अजून स्पष्ट दिसतं, टाकीवरचं ऊन, लोंबणारी सुतळी. आणि मग उजव्या किटलीच्या ओढीनं पलीकडे निघून गेली.

टायरच्या कड्यांनी पहिला दणका घेतला, पण वायसरनं हाय खाल्ली. झाकण उडालं. दूध अंगणातून, तुळशीला वळसा घालून, न्हाणीच्या गटाराकडे निघालं. आजीनं आतून "आरं द्येवा" केलं. दोन कुत्री कुठून आली कळलं नाही, पण वेळेवर आली.

मामा बाहेर आला. त्यानं दुधाकडे पाहिलंच नाही. किटली फिरवून पोच्यावर हाताचा पंजा ठेवला, खोली बघितली. आजी दुधाच्या नावानं बोलत होती तेव्हा एवढंच म्हणाला, "दूध सांजच्याला परत येतंय. किटलीचं पैसं फिटायचं हायत अजून."

तो पोचा कधी निघाला नाही. किटलीचा गळा अरुंद, आत हातोडी फिरत नाही. ती पुढे चाळीसची राहिली नाही. मामा तिला 'साडेएकोणचाळीस' म्हणायचा, आणि माझ्या बायकोला माझी ओळखही लग्नात त्यानं "साडेएकोणचाळीसवाले" अशीच करून दिली.

त्या दिवशी मला मार बसला नाही. मामानं फक्त विचारलं, "कुठल्या बाजूला हुतास?"

"डाव्या."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि हात धुवायला गेला. मला वाटलं, गुन्हा शाबीत करतोय.

असो. तर डिकी. ती पेटी आहे आणि पेटीच्या आत सामान असतं, हे मी किती सहज विसरतो त्याचा दाखला मार्चमधला. दिवेआगरहून ताम्हिणीमार्गे परतताना भज्यांच्या टपरीशी गाडी वळवत होतो. उजवा पाय टेकवायला गेलो तर पायाखाली जमीनच नव्हती, उतार होता. बुलेटवाल्यांना ती अर्ध्या फुटाची पोकळी ठाऊक असेल. गाडी अगदी हळू, लाजत लाजत कलली. मी उडी मारून बाजूला झालो, बायकोही. खाली गवत आणि भुसभुशीत माती, त्यामुळे डिकीला साधी रेघसुद्धा नाही. मी ते टपरीवाल्यालाही दाखवलं. पुण्यात येऊन झाकण उघडलं तर कोकमाच्या आगळाची बाटली फुटलेली. तीन शर्ट, एक चार्जर आणि आईसाठी घेतलेलं सुती लुगडं, सगळं एका रंगात. डिकी इतकी छान बनवलेली, की थेंबही बाहेर आला नव्हता.

यावर उपाय जुनाच. बाटली टॉवेलमध्ये, टॉवेल कपड्यांच्या मधोमध, जड ते बुडाशी, आणि दोन्ही डिक्या हातात उचलून वजन सारखं आहे ना पाहायचं. पेटी चेपली तर चेपू दे. कापडाच्या बॅगा घेणारे मित्र म्हणतात, आमच्या बॅगा चेपतच नाहीत, आणि गाडी आडवी झाली तर पाय पेटीखाली अडकून मोडायची भीतीही कमी. बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या बॅगांना कुलूप लागत नाही, एवढंच मी पुटपुटतो.

तर आज उकिडवा बसून रुमालानं डिकीवरचा खडू पुसत होतो. ओरखड्यांत भरलेला खडू निघत नव्हता. वॉचमन जवळच उभा होता, त्याला बहुतेक काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "ही ठिकरी कोण आखतं इथं? गाडीच्या इतक्या जवळ?"

"आमची बारकी. दुपारची इथंच खेळती. झाडाची सावली आणि गाडीची सावली, दोन्ही मिळती म्हणून." मग जरा थांबून म्हणाला, "पाणी प्यायला आत आली आणि मागनं आवाज झाला."

मी रुमाल थांबवला. "कुठल्या बाजूला बसते?"

त्यानं हातानं दाखवलं. चौकोन तिथंच होते, डावीकडे, चौथ्या घरात एक कौलाचा तुकडा पडलेला.

मी गाडी मेन स्टँडवर घेतली, भिंतीला लागून, झाडापासून लांब. वर येऊन आईला विचारलं, घरात एखादी जाड फळी आहे का. तिनं माळ्यावरून तडा गेलेला पोळपाट काढून दिला. चांगला जड आहे. एका कडेला भोक पाडलं की सुतळी ओवता येईल. ड्रिल शेजारच्यांकडे असतं, पण ते सुट्टीत गावाला गेलेत, सोमवारी येतील.