लपण-होडी: तळाच्या फायबरवरचे फुगे अखेर थांबले

पाणपक्ष्यांचे फोटो लपून काढता यावेत म्हणून मी एक लपण-होडी बांधत आहे. मागील नोंदीत तिच्या तळाच्या प्लायवर फायबरचे कापड चढवताना उगवणाऱ्या फुग्यांपाशी काम अडले होते. ते फुगे आता थांबले आहेत. दोष रेझिनचा (कापड प्लायला चिकटवून घट्ट होणाऱ्या द्रवाचा) नव्हता आणि रोलरचाही नव्हता. वैशाखात तापलेली पत्र्याची शेड आणि प्लायच्या शिरांत कोंडलेली हवा, या दोहोंनी मिळून ते काम बिघडवले होते.

नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. होडीचा मूळ आराखडा अमेरिकेतील बदकांच्या शिकारीच्या होड्यांवरून घेतला आहे. न्यू जर्सीच्या बार्नेगॅट उपसागरात 1836 च्या सुमारास हेझल्टन सीमन यांनी बांधलेली ‘स्नीकबॉक्स’ ही त्या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध होडी असून, पाण्यालगत बसणारी ठेंगणी बांधणी आणि वर पसरलेले गवत हे तिचे वैशिष्ट्य होय. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानबदकांची शिकार करता येत नाही, आणि माझी तशी इच्छाही नाही. मला थापट्या, चक्रवाक आणि तलवार बदके पाण्याच्या पातळीवरून कॅमेऱ्यात टिपायची आहेत. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य असल्याने तिथे होडी नेण्याचा विचार सोडून दिला. आमच्या गावाजवळच्या तलावासाठी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेची आणि जलसंपदा विभागाची संमती घेतली आहे.

आता मूळ मुद्दा. दुपारी लावलेला इपॉक्सीचा (मी वापरतो त्या रेझिनचा) थर सुरुवातीला अगदी नितळ दिसे; मात्र तो घट्ट होऊ लागला की कापडाखालून टाचणीच्या डोक्याएवढे फुगे वर येत, रोलरने दाबले की विरत आणि हात काढताच पुन्हा उगवत. मिश्रण सावकाश ढवळून पाहिले, चकत्यांचा लोखंडी रोलर वापरून पाहिला, दुसऱ्या दुकानातून हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) आणला. काहीही फरक पडला नाही. उलगडा झाला तो नमुन्यासाठी कापलेल्या एका तुकड्यामुळे. त्यावर दिवस मावळल्यानंतर थर दिला होता आणि त्यात एकही फुगा नव्हता. तेव्हा इन्फ्रारेड तापमापकाने प्लायचा पृष्ठभाग दिवसभर मोजत गेलो. पहाटे 28 अंशांवर असलेली प्लाय दुपारी शेडमध्ये 45 च्या पुढे जात होती. लाकूड तापत असताना त्यातील हवा प्रसरण पावते आणि वरचे तोंड रेझिनने बंद झालेले असल्याने ती त्या थरातूनच वाट काढते. लाकूड निवत असताना याच्या उलट घडते. आतील हवा आकसते आणि रेझिन शिरांमध्ये ओढले जाते. म्हणजे तापमानाच्या आकड्यापेक्षा तापमान चढते आहे की उतरते आहे, याला अधिक महत्त्व आहे.

त्यानंतर क्रम असा ठेवला: दिवसभर प्लाय शेडमध्ये तापू द्यायची, ऊन उतरून पारा खाली येऊ लागला की कापडाविना इपॉक्सीचे पातळ अस्तर द्यायचे, आणि ते चिकटसर झाले की त्याच रात्री कापड बसवायचे. तळाची डावी बाजू अशी पूर्ण झाली आहे. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर कापडाचे विणकामसुद्धा दिसत नाही इतके ते पारदर्शक झाले आहे. हे पाहून जो आनंद झाला तो तुम्हाला वेगळा सांगायला नको.

उष्णतेचा दुसरा त्रास भांड्यातल्या रेझिनला होतो. तापमान 10 अंशांनी वाढले की ते घट्ट होण्याआधी हाताशी मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, आणि खोल डब्यात मिश्रण स्वतःच्या उष्णतेनेच उकळू लागते. त्यासाठी स्टीलची परात उत्तम. थर पातळ राहतो आणि पट्टीने उचलायलाही सोपे जाते. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडते हे खरे, पण लाकडावरची त्याची पकड कमी असते आणि त्यातील स्टायरीन थर्माकोल विरघळवते. मासेमारांच्या चप्पूवरून (थर्माकोलच्या तराफ्यावरून) सुचलेले थर्माकोलचे ठोकळे मी पुढच्या व मागच्या झाकणाखाली भरणार आहे, त्यामुळे इपॉक्सीवर खर्च करणेच योग्य. काटकसर इतरत्र करावी. प्लायच्या बाबतीत केवळ शिक्क्यावर विसंबू नये. आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असला तरी एक तुकडा चुलीवर दीर्घकाळ उकळून त्याचे थर सुटत नाहीत याची खात्री करून घ्यावी. मी आणलेल्या एका स्वस्त तुकड्याचे थर संध्याकाळपर्यंत सुटले होते.

तळावर कापडाचा दुसरा थर देण्याचे ठरले होते, पण हे लिहीत असतानाच ते रद्द करावेसे वाटते. घासणार आहे ती होडी मुरमाच्या काठावरून ओढताना, आणि तेही दोन ठरावीक रेषांवर. तिथे बाभळीच्या दोन लांब पट्ट्या बसवल्या तर रेझिन वाचेल, वजन फारसे वाढणार नाही आणि बांबूने रेटताना होडी सरळही चालेल. वजनाला महत्त्व आहे: तळाचे क्षेत्रफळ सुमारे 2 चौरस मीटर असल्याने प्रत्येक सेंटिमीटर बुडीला (होडी पाण्यात जितकी खोल बुडते त्याला) 20 किलो भार पेलला जातो, होडी, मी आणि कॅमेरा मिळून 120 किलो धरले तर बुड 6 सेंटिमीटर येते, आणि 30 सेंटिमीटरच्या बाजूंना ते पुरेसे आहे.

आडोशाच्या कमानींसाठी ठिबकची जुनी 16 मिलिमीटरची नळी आणि तिच्या आत बांबूची कामटी हा प्रयोग जमला आहे. त्यावर शेडनेट आणि पाणकणीस बांधायचे.

मृगाचा पाऊस सुरू झाला की दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो, म्हणून उजवी बाजू त्याआधी उरकायची आहे. नंतर शेततळ्यात वाळूने भरलेल्या युरियाच्या गोण्या ठेवून भाराची चाचणी घेईन. शेततळ्याचे प्लास्टिकचे अस्तर अतिशय निसरडे असते. काठावर दोर धरलेला माणूस आणि अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय कोणीही ही चाचणी करू नये. ज्यांनी बाभळीचे लाकूड इपॉक्सीने चिकटवले आहे, त्यांनी ते किती वाळवून घेतले होते हे कृपया कळवावे. पट्ट्या कापण्यापूर्वी मला ते जाणून घ्यायचे आहे.