ज्याची त्याची जागा

काल दुपारी जेवणं झाल्यावर जरा लवंडले होते तर भाचीने मोबाईल नाकासमोर धरला, आत्या हे बघ. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा खडक आणि त्याला चिकटून बसलेले लिंपेट. समुद्रातली गोगलगायच, फक्त शंख वळणावळणाचा नाही, सरळ शंकू. आम्ही सातारकर, कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलो तरी खडक कोण निरखतंय, सगळा जीव माशाच्या ताटात!

तर हा गडी भरतीच्या पाण्यात चरायला निघतो, खडकावरचं शेवाळ खरवडून खातो आणि बहुतेक वेळा परत येऊन नेमका आपल्याच जागेवर बसतो. कवचाची कड त्या जागेच्या खाचाखोचांप्रमाणे वाढलेली असते, दगड मऊ असेल तर दगडच झिजतो. ओहोटीत आतलं पाणी उन्हाने सुकू नये म्हणून एवढं घट्ट बसायचं. दातात तर चक्क लोखंडाचं खनिज, गोथाइट. २०१५ साली पोर्टस्मथच्या संशोधकांनी ते कोळी किड्याच्या जाळ्याच्या धाग्यापेक्षा मजबूत ठरवले.

पण माझं मन त्या जागेपाशीच अडकलं. शनिवार पेठेतल्या घरी सोप्यात आजोबांची जागा ठरलेली, दारातून आत आलं की डाव्या हाताला, भिंतीला टेकून. डोक्याच्या तेलाचा तिथे मोठा डाग पडलेला, दिवाळीला चुना मारला की संक्रांतीपर्यंत परत वर यायचा. शाळेतून आले की मी मुद्दाम तिथे जाऊन बसायची. ते ओरडायचे नाहीत, नुसते पेपर घेऊन समोर उभे राहायचे, मी उठेपर्यंत. आता मलाही तोच रोग आहे, टेबलाशी माझ्या खुर्चीत पाहुणा बसला की जेवणात लक्ष लागत नाही.

भाची म्हणे, हे लिंपेट आधी नर असतात आणि वाढले की त्यातले बरेचसे मादी होतात. हे आजोबांना ऐकवायला पाहिजे होतं.

मग आजी कुठे बसायची हे आठवायला लागले तर आठवेचना. रात्री भावाला फोन केला. तो म्हणाला, कुठे म्हणजे काय, चुलीपाशी. अरे पण आपल्याकडे चूल होती कधी? ओट्यावर स्टो होता. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, हो गं, म्हणजे उभीच असायची.