होडीच्या तळाला भोक नसते

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला माझे छोटे गॅरेज आहे आणि गेली कित्येक वर्षे पेट्रोलच्या मोटारींना एलपीजी गॅसचे किट बसवणे हाच माझा मुख्य धंदा आहे. पेट्रोलच्या दराने लिटरला शंभरी ओलांडल्यापासून गिऱ्हाइकांना फार समजावून सांगावे लागत नाही. तरीही उजनीच्या काठावरचे एक मच्छीमार तात्या होडीचे इंजिन टेंपोत घालून गॅरेजसमोर उभे राहिले, तेव्हा मी जरा गोंधळलो. कारण मोटारीखेरीज दुसऱ्या कशाला गॅस लावण्याचा विचार मी तोपर्यंत केला नव्हता.

त्यांनी प्रथम आणलेले इंजिन मी परत पाठवले. ते टू-स्ट्रोक होते. अशा इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते आणि त्याच मिश्रणावर पिस्टन व बेअरिंगचे वंगण चालते. पेट्रोल काढून गॅस दिला की ऑइलही जाते आणि पिस्टन जाम होतो. हे गणित तात्यांना मान्य नव्हते. "मोटारीला चालतंय की ओ, मग होडीला काय झालं?" असे ते तीनदा म्हणाले. महिन्याभराने मात्र ते दहा अश्वशक्तीचे जुने फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन आले आणि मग नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरले नाही. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर या कामाला वापरणार नाही, ही माझी एकच अट होती. त्यांनी धंद्यासाठीचा 19 किलोचा सिलिंडर आणला.

काम तसे सोपे झाले. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मिक्सर बसवला, त्याच्या अलीकडे इंजिनाची ओढ थांबली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह घातला, सिलिंडरवर रेग्युलेटर चढवला आणि मधे जाड रबरी पाइप टाकला. एक किलो गॅस साधारण 1.4 लिटर पेट्रोलचे काम करतो, हे समजल्यावर तात्यांनी बोटांवर हिशोब केला आणि चहा मागवला. उजनीवर जाऊन पहिल्या संध्याकाळी आम्ही काठाजवळून दोन फेऱ्या मारल्या. इंजिन पेट्रोलपेक्षा शांत चालले, धूर नव्हता, आणि मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होऊन रात्री त्यांच्याच घरी मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्या आणि त्यांचा पुतण्या जाळी उचलायला निघाले, मी काठावर बसून राहिलो. वैशाखात उजनीचे पाणी इतके मागे सरकलेले असते की होडीपर्यंत जायला गाळातून बरेच चालावे लागते, आणि उघड्या पाण्यावरचा वारा सकाळी नऊलाच लाटा उठवू लागतो. त्या वाऱ्यातून दोघे परत आले ते वल्ही मारत. इंजिन बंद पडले होते.

होडी जवळ आली तेव्हा मला प्रथम दिसला तो पाइप. भर उन्हाळ्यात, हात लावला तर भाजेल अशा पत्र्याच्या होडीत, रेग्युलेटर आणि पाइपचा हातभर भाग पांढऱ्या बर्फाने माखला होता. सिलिंडर आडवा पडला होता. "हलत होती की ओ टाकी, पडंल म्हणून आडवी केली," तात्या म्हणाले. पुतण्या स्टार्टरची दोरी हाताला गुंडाळून पुन्हा एक झटका द्यायच्या तयारीत होता आणि त्याच्या कानावर विडी खोचलेली होती.

मी ओरडलो. एरवी मी गिऱ्हाइकावर ओरडत नाही.

झाले होते ते असे. सिलिंडर उभा असतो तेव्हा खाली द्रव आणि वर वायू असतो, आणि वरच्या कॉकमधून फक्त वायू बाहेर पडतो. आडवा केला की कॉकपाशी द्रवच येतो. तो द्रव रेग्युलेटरमध्ये उकळताना आजूबाजूची सगळी उष्णता ओढून घेतो, म्हणून बर्फ धरते. मोटारीत द्रवाचा वायू करण्याचे हेच काम इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा रिड्यूसर करतो. होडीत वायूच घ्यायचा म्हणून मी तो बसवला नव्हता. थंडीने रेग्युलेटरच्या सांध्यातला रबरी वायसर ताठ झाला आणि तिथून गळती सुरू झाली. इंजिनाच्या जवळचा माझा गॅस बंद करणारा व्हॉल्व्ह बिचारा आपले काम चोख करत होता, पण गळती त्याच्या अलीकडे, सिलिंडरच्या बाजूला होती.

मी कॉक बंद केला, दोघांना उतरवले, मोबाइल काठावर ठेवायला लावले. "वास तर गेला की," पुतण्या म्हणाला. उभ्या माणसाच्या नाकाशी वारा होता, म्हणून वास गेला होता. मी वाकून तळाची एक फळी उचलली आणि त्या उग्र वासाने माझे डोळेच मिटले. हा गॅस हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. मोटारीत गळला तर तो रस्त्यावर सांडतो आणि निघून जातो. होडीच्या तळाला भोक नसते. ते नसावे म्हणूनच ती होडी असते. पाणी आत येऊ न देणारा तो पत्रा गॅसला बाहेर जाऊ देत नाही. द्रवाच्या एका लिटरचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो, आणि हवेत तो दोन ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान असला की एक ठिणगी पुरते. इतकी वर्षे हे काम करून ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, आणि सिलिंडर उभाच का ठेवायचा हे मी तात्यांना सांगितलेही नव्हते.

मग आम्ही तो गॅस उपसला. पुतण्याने लोखंडी घमेले आणले, ते मी परत नेऊन ठेवायला लावले. पत्र्यावर पत्रा घासणे आता नको होते. प्लॅस्टिकची बादली पाण्यात बुडवून ओली केली, सगळ्या फळ्या काढल्या आणि पाणी उपसावे तसे रिकामी बादली तळाशी नेऊन, भरल्यासारखी अलगद उचलून, होडीच्या काठाबाहेर, वारा जिकडे जातो तिकडे ओतत राहिलो. काठावर जमलेल्यांना वाटले असणार की सोलापूरच्या मिस्त्रीला ऊन लागले. अर्ध्या तासाने फळीखालचा वास विरला. तरी होडी ओढून कलती करून दुपारपर्यंत तशीच ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी सिलिंडरसाठी मागच्या टोकाला उभी पेटी बसवली. सिलिंडर आडवा होऊच नये म्हणून तिला वर पट्टा आहे, आणि तळातून एक पाइप पाण्याच्या पातळीच्या वर होडीबाहेर काढला आहे, म्हणजे गळलाच तर गॅस बाहेर सांडावा. या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

त्या दिवशी उपसून झाल्यावर तात्या बराच वेळ पाण्याकडे बघत होते. "मिस्त्री," ते म्हणाले, "एवढा गॅस पाण्यावर ओतला, चिलापी मरंल का ओ?" तो पाण्यात विरघळत नाही, वाऱ्याने पांगतो, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली, पुतण्याच्या कानावरची विडी काढली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.