दुबईचे दिरहम, विश्रामबागचा स्लॅब

दुबईतल्या धाकट्या भावाचा फ्लॅटचा हप्ता आज त्याच्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या इथल्या खात्यात, जमा झाला. सांगलीच्या विश्रामबागेतल्या बिल्डरचा माणूस सकाळपासून मागं लागलेला, "ताई, तुमच्या खात्यातून द्या की, काय फरक पडतोय?" पडतो ना! एनआरईतून गेले तरच उद्या फ्लॅट विकल्यावर मुद्दल परत तिकडं नेणं सोपं. करार नोंदवायच्या आधी बिल्डरनं किमतीच्या १० टक्क्यांच्या वर मागितले, तेव्हाही घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा ऐकवावा लागला होता.

साइटवर गेले. तिसरा स्लॅब ओतून झालाय म्हणे! सळ्या उघड्याच, सेंट्रिंगवाले चहा पीत बसलेले. फोटो धाडला. धाकटा म्हणाला, "ताई, स्लॅब ओतून झाल्याशिवाय रुपया सोडू नको."

आईला मात्र अजून शेतजमीनच हवीय. एनआरआयला ती विकत घेता येत नाही, हे तिला पटवणार कोण?