तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यात जुनी डिझेल इस्टेट घ्यावी का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा इंजिनाची धास्ती असते. मीटरवर दीड लाख किलोमीटर दिसले की माणूस मागे सरकतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: बॉनेट नंतर उघडा, आधी डिकीतली स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्यात हात घाला. नोजल, पंप, टर्बो, क्लच यांतलं काहीही बिघडलं तरी बदलता किंवा दुरुस्त करता येतं. खाऱ्या हवेनं आतून खाल्लेला पत्रा एका जागी बदलला तर शेजारी उघडतो, आणि त्या खर्चाला अंत नसतो.

इस्टेट म्हणजे छप्पर थेट मागच्या दारापर्यंत नेलेली लांब गाडी. आपल्याकडे अशा डिझेल गाड्या मोजक्याच आल्या. 1992 मध्ये टाटांची ‘इस्टेट’ आली, 2004 मध्ये 1405 सीसी टर्बो डिझेलची इंडिगो मरीना, आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी 1.9 टीडीआय. आता यांतली कोणतीही नवी मिळत नाही, म्हणजे जे काही घ्याल ते वापरलेलंच. तरी माणसं शोधत येतात, आणि ते मला पटतं. मागची सीट पाडली की चतुर्थीच्या माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मंडपीचं) सगळं सामान, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली रोपं, सुताराकडची लांब फळी, सारं छपराखाली कोरडं राहतं. तेवढंच सामान पिकअपमध्ये ताडपत्रीखालीही भिजतं.

पुढचा अर्धा भाग त्याच नावाच्या सेडानचा असतो, त्यामुळे तिथले सुटे भाग मिळत राहतात. मागच्या दारांच्या पाठीमागचं सगळं मात्र फक्त इस्टेटचं: पाठीमागची काच, तिचं रबर, बाजूच्या स्थिर काचा, टेललॅम्प, डिकीचं कुलूप. यातली एक वस्तू फुटली तर भंगारबाजार पालथा घालावा लागतो. म्हणून घेताना पाठचा भाग तडा, पाणी, ठोक यांसाठी बारकाईनं बघा. डिकीचं दार वर धरणारे गॅसचे दांडे दमले असतील तर दार डोक्यावर येतं, पण ते बाहेरून मापानं मिळतात. दांड्याची उघडी लांबी आणि त्यावर छापलेला न्यूटनचा आकडा टिपून न्या.

आता तो खड्डा. डिकीचा गालिचा उचला, स्टेपनीचा बोल्ट सोडा, टायर बाहेर घ्या. तळाशी तांबडा गाळ, गंजलेला जॅक किंवा कुबट वास असेल तर पाणी आत येतंय. कुठून येतंय ते शोधायला दोन माणसं लागतात. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं पाइपानं हळूहळू पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून वरपर्यंत. आधी टेललॅम्प, मग डिकीचं रबर, मग काचेची कड आणि शेवटी छपरावरच्या रेलचे बोल्ट. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही. बहुतेक वेळा दोष टेललॅम्पच्या चपट्या झालेल्या गॅस्केटचा असतो. दुसरा नेहमीचा गुन्हेगार मागच्या वायपरच्या पाण्याची बारीक नळी. ती छपराच्या अस्तराआडून जाते आणि डिकीच्या बिजागरीपाशी, जिथे दार उघडताना रोज वाकते, तिथे चिरते. पाऊस नसतानाही अस्तरावर डाग दिसला तर ही नळी तपासा. त्याच बिजागरीपाशी वायरिंगच्या रबरी भोंग्यात तारा तुटतात. मागचा वायपर किंवा नंबरप्लेटचा दिवा दार हलवल्यावर चालू-बंद होत असेल तर कारण तिथेच असतं.

खाली वाकून चारही दारांची खालची कड, दाराखालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी आणि शॉकअप जिथे बोल्टनं बसतो ती जागा बघा. लहान चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुटी) भरलेली आहे. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हलकी आपटली तर चांगला पत्रा टणटणतो आणि कुजलेला दबक्या आवाजात बोलतो. नुकतंच काळं अंडरकोटिंग मारलेली गाडी विकायला आली असेल तर विशेष सावध राहा, कारण ओल्या गंजावर मारलेलं रबरी कोटिंग ओल आतच कोंडून ठेवतं. किनाऱ्यालगतच्या गाड्या आणि भरतीचं पाणी चढणाऱ्या खाजनाकाठच्या रस्त्यांवरच्या गाड्या यात सगळ्यांत जास्त सापडतात. खाण पट्ट्यातल्या गाडीत पत्र्याऐवजी एअर फिल्टरची पेटी उघडा. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला लाल धूळ असेल तर ती धूळ टर्बो आणि सिलिंडरपर्यंत पोचलेली आहे.

इंजिन तपासायला जाताना मालकाला आधी सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका, आणि पोचताच बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. थंड इंजिनच खरं बोलतं. चावी फिरवल्यावर हीटर प्लगचा (थंड सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्या, मग स्टार्ट. पहिल्या काही सेकंदांत पांढरा धूर आणि अडखळणं असेल तर हीटर प्लग गेलेले असू शकतात. गरम झाल्यावरही निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय. जोर दिल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त पडतं. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सोडून तिथेच टेकवून ठेवा. ते थोडं थरथरणं चालतं. उडून पडत असेल आणि तोंडातून भपकारे येत असतील तर पिस्टनच्या रिंगांवर खर्च आहे. कॉमन रेल गाडी (सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशी) असेल तर नोजलच्या रिटर्न पाइपांची चाचणी मागा: प्रत्येक नोजलचा रिटर्न वेगळ्या बाटलीत सोडायचा आणि काही मिनिटं इंजिन आयडलवर ठेवायचं. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल भरलं की तो नोजल थकलेला. ही चाचणी साधी आहे, आणि नकार मिळाला तर तोही एक उत्तर समजा.

बॅटरी मीटरनं मोजायला दोन मिनिटं लागतात. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, स्टार्ट मारताना 9.6 च्या खाली नाही, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. डिझेलला स्टार्टरचं ओझं जास्त, त्यामुळे दमलेली बॅटरी इथे पेट्रोल गाडीपेक्षा लवकर उघडी पडते. टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीतले चार आकडे बघा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणाऱ्या पट्ट्याबद्दल, मी सवलत देत नाही. बेल्टवर चालणाऱ्या डिझेल इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, आणि हेड उतरवावं लागतं. बिल नसलेला बेल्ट म्हणजे न बदललेला बेल्ट, मालक कितीही शपथेवर सांगो. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात बेल्ट, टेन्शनर आणि रोलर पूर्ण संच म्हणून बदला. कॉम्बीच्या 1.9 मध्ये वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, तेव्हा तोही त्याच वेळी. नुसता पट्टा बदलून जुनं बेअरिंग ठेवलं तर बेअरिंग अडकतं आणि नवा पट्टा घेऊन जातं. मेकॅनिककडे कॅम आणि पंप लॉक करायची हत्यारं आहेत का, हे आधी विचारा. खुणा खडूनं करून काम उरकणाऱ्याकडे ही गाडी देऊ नका. पुढचा बदल पुस्तिकेतल्या किलोमीटरवर. गाडी कमी धावत असेल तर माझ्या मते पाच वर्षांनी.

देखभालीत गोव्याचं स्वतःचं असं एक दुखणं आहे: अंतरं. पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत अख्खा हमरस्ता दीडशे किलोमीटरच्या आत संपतो आणि बहुतेकांची रोजची फेरी दहा-बाराची. डिझेल इंजिन तेवढ्यात नीट तापतच नाही. काजळी ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) आणि इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, ऑइलच्या वाफेशी मिसळून डांबरासारखी बसते, टर्बोच्या आतल्या हलत्या पात्या असतील तर त्या चिकटतात, आणि मग चढणीवर गाडी एकाएकी दम सोडते. महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी तापवून चोर्ला किंवा अनमोड घाट चढवा. खालच्या गिअरमध्ये, 2500 ते 3000 आरपीएमवर. पोचल्यावर इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवून मगच बंद करा, कारण टर्बोच्या बेअरिंगला त्या ऑइलचीच थंडाई असते. फेरी रोज दहा किलोमीटरचीच असेल आणि घाटाकडे जाणं नसेल, तर डिझेल घेऊच नका. पेट्रोलची हॅचबॅक तुम्हाला जास्त सुख देईल.

ऑइल 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात महिन्याला एकदा खाली पारदर्शक बाटली धरून तो सोडा. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडून स्क्रू आवळा आणि फिल्टरात शिरलेली हवा हातपंपानं काढा. कॉमन रेलच्या पंपाला डिझेल हेच वंगण, त्यामुळे तिथे पाणी शिरलं तर पंप आणि नोजल दोन्ही जातात. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी घातलं की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर बसतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, दोन वर्षांनी बदला.

जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ड्रममध्ये लायनर गंजून चिकटतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तांबड्या मातीनं बुजतात, ती झाडूच्या हिरानं मोकळी करा. खाऱ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी खालून साध्या पाण्यानं धुवा. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस पूर्ण वाळवून, गंज घासून, प्रायमर लावून मगच कोटिंग, आणि बंद पोकळ्यांत मेणाचा फवारा. डिकी अशीच दुपारभर उघडी ठेवा, म्हणजे बुरशी धरत नाही.

विकायची वेळ येते तेव्हा इंजिन धुऊन चकचकीत करू नका. जाणकाराला गळती लपवल्यासारखी वाटते. बेल्टचं बिल तारीख आणि किलोमीटरसकट समोर ठेवा. इस्टेटला गिऱ्हाईक थोडी येतात, पण ती इस्टेटच शोधत आलेली असतात. घाईनं पहिल्या दलालाला देऊ नका.

कागदात बेसावध राहू नका. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. नंतर फॉर्म 25 भरून, गाडी तपासून घेऊन, पाच-पाच वर्षांनी वाढते. एप्रिल 2022 मध्ये मोटारीला या नूतनीकरणाची फी 5,000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या मोटारीला ती 10,000 रुपये झाली. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर घातलेली बंदी दिल्ली परिसरासाठी होती, गोव्यासाठी नाही. पण त्यामुळेच तिकडच्या गाड्या स्वस्तात विकायला निघतात. अशी गाडी आणायची तर फॉर्म 28 ची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स आणि नवा जीए नंबर धरून हिशेब करा, मग स्वस्ताई किती उरते ते दिसेल.

विकताना मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून कुणाच्याही हातात देऊ नका. राज्यातल्या विक्रीची माहिती विकणाऱ्यानं 14 दिवसांत वाहतूक खात्याला द्यायची, घेणाऱ्यानं 30 दिवसांत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की अपघाताच्या भरपाईला नोंदणीवर नाव असलेलाच मालक जबाबदार, गाडी आधीच विकलेली असली तरी. म्हणजे आरसीवर नाव बदलेपर्यंत धोका तुमच्या दारात. नोंदणीकृत डीलरला देत असाल तर एप्रिल 2023 पासून फॉर्म 29सी आहे. तो भरून ताबा दिल्याची नोंद करा, पुढची जबाबदारी डीलरकडे जाते. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लावून आरसीवरचा बोजा आधी उतरवा. विम्यातला नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीबरोबर जात नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा.

चावी देताना घेणाऱ्याला एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या: बेल्ट कधी बदलला, ऑइलचा ग्रेड, डिझेल फिल्टरचा स्क्रू कुठे आहे, आणि पाणी जायची भोकं कुठे कुठे आहेत. मग डिकी उघडून स्टेपनीचा खड्डा त्याला स्वतः दाखवा.