समस्याधारित अध्ययनावरचं संशोधन एकत्र करताना

बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात एम.एड., पीएच.डी. करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या समस्याधारित अध्ययनावरच्या (आधी समस्या देऊन, ती सोडवता सोडवता शिकणं) संशोधन-आढाव्यात एक पद्धत सर्रास दिसते: किती अभ्यास 'बाजूने', किती 'विरोधात', एवढंच मोजायचं. कृपया हे टाळा. पंचवीस विद्यार्थ्यांच्या लहान अभ्यासात खरा फरकही अनेकदा सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध होत नाही आणि तो उगाच 'विरोधात' मोजला जातो.

त्याऐवजी परिणामाचं माप (इफेक्ट साइज) काढा: दोन गटांच्या सरासरीतला फरक भागिले प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा. समस्याधारित गटाची सरासरी ६२, व्याख्यान गटाची ५८, एकत्रित प्रमाण विचलन १०, तर माप ०.४०. दोन्ही गटांत २५-२५ जण असतील तर लहान नमुन्याच्या दुरुस्तीनंतर ते ०.३९ होतं.

पण खरी मेख वेगळीच आहे: परीक्षा कसली होती? १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेल्या या पद्धतीवर २००३ साली ४३ अभ्यासांचे निष्कर्ष आकड्यांनी एकत्र करणारं मेटा-अ‍ॅनालिसिस आलं. त्यात कौशल्यांवर परिणाम ठळकपणे चांगला दिसला, तर ज्ञानाच्या चाचण्यांत किंचित उलटा. दोन्ही एकाच सरासरीत घातले की हा फरकच पुसला जातो. म्हणून प्रत्येक अभ्यासासाठी चाचणीचा प्रकार (वस्तुनिष्ठ प्रश्न, केस सोडवणं, प्रात्यक्षिक) आणि शिकवणं संपल्यापासून चाचणीपर्यंतचा काळ वेगळा नोंदवा. नोंदी दोघांनी स्वतंत्रपणे कराव्यात, मग कप्पा (kappa, म्हणजे दोघांच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळतात याचं माप) काढावा.

आधीची मेटा-अ‍ॅनालिसिसच एकत्र करायची असतील, तर कोणता मूळ अभ्यास कशाकशात आलाय याचा तक्ता आधी करा. तेच अभ्यास चार ठिकाणी मोजलेले असतात, आणि पुरावा आहे त्याहून भक्कम भासतो.