आईची आंघोळ

इंग्लंडात स्विंडनला मी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते. हेच माझं पोटापाण्याचं काम. पोर्तुगीज पासपोर्टवर इकडे आलेल्या गोवेकरांची या शहरात मोठी वस्ती आहे. कुणी गोदामात आहेत, कुणी कारखान्यात, तर कुणी माझ्यासारखे घरोघरी जाऊन केअरचं काम करणारे. डिचोलीला आमच्या घरची मंडळी विचारणाऱ्याला 'ती तिकडे नर्सिंगमध्ये आहे' असं सांगतात. मी नर्स नाही. मी माणसांना धुते, पुसते, कपडे घालते, त्यांचे दात स्वच्छ करते. हे काम शिकावं लागतं, आणि आपल्याकडे ते कुणी कुणाला शिकवत नाही, म्हणून हा लेख.

यंदा चवथीला घरी गेले तेव्हा आईला लकव्यातून उठून काही महिने झाले होते. डावी बाजू अजून लुळीच. तिचं सगळं वहिनी करते, आणि जीव लावून करते. पण आंघोळीची वेळ झाली की घरात आरडाओरडा. 'आई आंघोळीला फार त्रास देतात गं,' वहिनी म्हणाली. मी न्हाणीत उभी राहून पाहिलं. आईला स्टुलावर बसवलेलं, अंगावर काही नाही, दार अर्धवट उघडं, आणि पहिला तांब्या थेट डोक्यावर. माझ्या मते ती त्रास देत नव्हती. तिला थंडी वाजत होती, भीती वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे लाज वाटत होती. जन्मभर पदर न ढळू दिलेली बाई ती.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्विंडनला घालते तशी आंघोळ घातली. आधी विचारलं, 'आई, आता न्हायचं की चहा झाल्यावर?' ती म्हणाली, चहा झाल्यावर. मग खांद्यांवर एक मोठा टॉवेल, मांडीवर दुसरा. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडायचा, धुऊन पुसून लगेच झाकायचा. पाणी आधी पायांवर, मग हळूहळू वर, आणि प्रत्येक वेळी आधी सांगून. डोकं सगळ्यांत शेवटी, आणि तेही रोज नाही. रुमाल तिच्या उजव्या हातात दिला. तोंड तिनं स्वतः धुतलं, छाती धुतली, पुढची जागाही स्वतःच धुतली. पाठ आणि पाय मी. मध्येच मी साबण लावायला गेले तर म्हणाली, 'दे इकडे, मी घासते.' त्या दिवशी आरडाओरडा झाला नाही.

आपल्याकडे सेवा म्हणजे म्हाताऱ्या माणसाला काहीच करू न देणं, अशी समजूत आहे. मला ती पटत नाही. जो हात चालतो त्याला काम मिळालं नाही तर तोही हळूहळू थकतो. शिवाय स्वतःची लाज स्वतः राखता येणं ही त्या माणसासाठी फार मोठी गोष्ट असते.

आता न्हाणीबद्दल. आपल्या जुन्या घरांत न्हाणी एक पायरी खाली, फरशी गुळगुळीत आणि पावसाळ्यात शेवाळ धरलेली. भावाला सांगून पायरीशी आणि बसायच्या जागेजवळ स्टीलचे दांडे बसवून घेतले. चिऱ्याच्या भिंतीत साध्या स्क्रूवर भरवसा ठेवू नका, गवंड्याला सांगून पक्के बसवून घ्या. टॉवेलच्या दांडीला तर कधीच धरू देऊ नका, माणसाचं वजन ती पेलत नाही. स्टूल काढून पाठ आणि हात असलेली, पायांना रबर लावलेली खुर्ची ठेवली. इंग्लंडात कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ) घरी येऊन हे सगळं बघतो आणि गरज पटली तर १००० पौंडांपर्यंतचे किरकोळ बदल फुकट होतात. आपल्याकडे ते आपणच करायचं. आतून कडी लावू देऊ नका, पण दार लोटलेलं आणि पडदा ओढलेला हवा.

तेल आंघोळीआधी चोळायची आपली पद्धत. चतुर्दशीच्या अभ्यंगाला ठीक, पण एरवी तेलकट पाय आणि ओली फरशी यांतून मांडीचं हाड मोडतं. आईला आता आंघोळीनंतर, खाटेवर बसवून, खोबरेल लावतात. तळव्यांना लावत नाहीत.

बादलीत आधी थंड पाणी, मग कढत. उलट केलं आणि मध्ये कुणी हाक मारली तर भाजतं. म्हातारी कातडी पातळ असते, आणि मधुमेह किंवा लकवा असेल तर पाणी किती कढत आहे ते कळतही नाही. इंग्लंडात अशा माणसांच्या टबातलं पाणी ४४ अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचं नसतं. थर्मामीटर नसेल तर आपलं कोपर बुडवून पाहा.

पुसताना घाई नको. गोव्याच्या दमट हवेत स्तनांखाली, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की चट्टे उठतात. तिथं पावडर थापू नका, ओलीत तिचे गोळे होतात. टिपून कोरडं करा. बायकांना पुढून मागे पुसायचं, उलट नाही, नाहीतर लघवीचा संसर्ग होतो. तोंडाचा रुमाल वेगळ्या रंगाचा ठेवा, म्हणजे अदलाबदल होत नाही. कपडे घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. एवढं एक समजलं तेव्हा वहिनीची रोजची ओढाताण थांबली.

सासऱ्यांना आंघोळ घालायची वेळ सुनेवर येते तेव्हा दोघांचीही कुचंबणा होते. घरात मुलगा असेल तर त्यानं उठावं. आईवडलांना धुणं हे बायकांचंच काम असं कुठंही ठरलेलं नाही. माझा भाऊ आता रविवारी आईचे पाय धुतो, नखं कापतो. पगारी माणूस ठेवलंत तर आजींना काय आवडतं, कुठं दुखतं, ते पहिल्याच दिवशी सांगा, आणि त्या माणसाला 'ए' म्हणून हाक मारू नका.

आंघोळीच्या वेळी अंग नीट पाहूनही घ्या. टाचा, माकडहाड, कंबरेची हाडं. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर तो पांढरा पडत नसेल तर तिथं जखम व्हायला लागली आहे. त्या जागेवर झोपवू नका, चोळू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.